जाळीवरचा शर्ट

काळेवाडीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सोनल बंद पडलेला लॅपटॉप घेऊन थांबली होती. तिच्या पुढचे महाळुंग्याचे आबाजी काउंटरवर सीपीयू ठेवून उभे होते. दुकानदारानं तो उघडला.

"आबा, प्रोसेसरचा स्पीड कुणी वाढवलाय?"

"पोरानं. त्यानं बिघडवलं का?"

"नाही हो. बायोसच्या सेटिंगमधून एकेक पायरी चढवलाय, व्होल्टेज बेतानं दिलंय. दर पायरीचं तापमान आत चिठ्ठीवर लिहिलंय. एवढं जपून कुणी करत नाही."

"गाडी बी जपूनच चालवायचा."

सोनलनं हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला.

"आता चालू कोण करतं?"

"त्याची आई. तिन्हीसांजेला, देवापुढं दिवा लावला की. तासाभरात आपसूक बंद पडतंय."

"तापतंय. वरच्या जाळीवर काही ठेवता का?"

"त्याचा कंपनीचा शर्ट. तिनंच वर पांघरलाय."

"गरम हवा तिथूनच बाहेर जाते, आबा. शर्ट काढला की झालं."

"सहा महिनं झालं, तिनं त्यो धुतला बी न्हाई. स्पीड कमी करून भागंल का?"

"मूळ सेटिंगला आणलं तर कमी तापेल. पण त्यानं केलेलं सगळं पुसलं जाईल."

"पुसा."

"आबा, नुसता शर्ट..."

"तिला कोण सांगणार, तुमी? पुसा म्हनलं ना."

दुकानदारानं मॉनिटर नि कीबोर्ड जोडला. चार बटणं दाबून मूळ सेटिंग लावलं.

"झालं, आबा. ही चिठ्ठी आता कामाची नाही. टाकू?"

"न्हाई. होती तिथंच लावा."