पडले ते कुणाला कळू दिलं न्हाय

मी मूळची थळची. लग्न होऊन रेवदंड्याला आले आणि तिसऱ्या दिवशी सासूने मासळीची पाटी डोक्यावर दिली. ती गेल्यावर बाजारातली तिची जागा मला मिळाली, पण काय सांगू तुला सूनबाई, ती जागा कागदावर कुणाची नसते, रोज बसेल तिची. चार दिवस दिसली न्हाय की शेजारीण पाटी सरकवते. मीही एका आजारी बाईची अर्धी जागा अशीच खाल्ली हाय, खोटं का बोलू.

म्हणून पहिल्यांदा धक्क्यावर पडले तेव्हा तशीच वाकून दर्याला हात जोडले. बायका म्हणाल्या, म्हातारीची भक्ती बघा. गुडघा फुटला होता आणि मी हसत होते. दुसऱ्यांदा मोरीत पडले, ते तू बघितलंस. तुला दम दिला, बोललीस तर माहेरी धाडीन. तू कसली बोलतेस, तुझ्या तोंडात जीभ हाय का न्हाय हेच लग्नानंतर वर्षभर कळलं नव्हतं.

मग दवाखान्याची आशाताई घरोघर विचारत आली. घरात वयस्कर कुणी पडलं का हो? सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी तोल सांभाळायचे व्यायाम शिकवतात, फुकट, मोरीत धरायला दांडी कुठे ठोकायची तेही सांगतात. पडू नये म्हणून पण दवाखाना असतो हे मला ठाऊकच नव्हतं, आपल्यात मोडल्यावरच जातात. पण सकाळी मासळी विकू की तिथे जाऊन पाय नाचवू? आणि तिथे जाताना बाजारातल्या कुणी बघितलं म्हणजे? मी विळीवरून तुझ्याकडे डोळे वटारले. तू म्हणालीस, न्हाय, कुणी न्हाय पडलं. तिने दिलेल्या कागदात मी सुकट बांधली.

महिना झाला नसेल, त्याच मोरीत खुबा मोडला. बाजारात माझ्या शेजारी बसणारी यमुना दवाखान्यात बघायला आली. डॉक्टर म्हणाला, आजी पहिल्यांदाच पडल्या का? आणि तू, जन्मात कधी न बोलणारी, तिच्या देखत म्हणालीस, तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी यमुनेची पाटी माझ्या जागेवर. तू गेलीस तर तुला म्हणाली, बाय, तुला गिऱ्हाइकाला हाक मारता येत न्हाय, तुला जागा कशाला? आणि तू भरली पाटी घेऊन रडत घरी. भांडली असतीस तर जागा राहिली असती गो.

आता तू दारोदार फिरतेस आणि मी खाटेवर. परवा आशाताई परत आली, म्हणाली, तेव्हाच सांगितलं असतंत तर. पोराने मोरीत दांडी ठोकली. चांगली मजबूत हाय. माझा हात तिथवर पोचत न्हाय, तू तिच्यावर फडकी वाळत घालतेस.

माझं हे बोलणं लिहून घेतेस तर माझ्या शिव्या पण लिही. देव तुझे पाय धड ठेवो. माया म्हणून म्हणत न्हाय. तू पडलीस तर मला या कुशीवरून त्या कुशीवर कोण वळवणार?