कंबर माझी, अक्कल गावाची
...नाही, बसत नाही! बसलो की उठता येत नाही. तुम्हाला सांगतो, तीस वर्षं लोकांची डोकी भादरतोय, पण हल्ली दाढीला जरा वाकलो की कमरेच्या खाली, उजवीकडे, अशी कळ मारते की वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर आणि किंचाळतो मी! आणि खुर्चीतला तो शहाणा म्हणतो काय? "गादी बदला." अरे, गळ्याशी पातं आहे तुझ्या, गप्प बस की! पण नाही... कंबर माझी, अक्कल गावाची!

मग मेहुणा आला. मेहुणा म्हणजे, उभ्या जन्मात भरलेली बादली न उचललेला माणूस. "दाजी, मणका सरकलाय!" सरकायला ते काय कपाटाचं दार आहे? पण बायकोला भावाचं ते ब्रह्मवाक्य! पंधरा दिवस फळीवर झोपवलं मला. फळीवर! कंबर होती तिथेच, वर खांदे आखडले ते वेगळेच.

मग मोठे डॉक्टर. एक्स-रे काढला, उजेडाला धरला, "मणका एकदम छान!" छान? मग ठणकतंय काय, त्यांचं टेबल? "वय झालं आता." संपलं! बाहेर येताच बायको, "वाटलंच मला. कामं टाळायची नाटकं!" तेव्हा मात्र लागलं हो... कळ परवडली, पण घरच्यांनीच नाटकी म्हणायचं? दोन दिवस दुकान उघडलं नाही मी.

शेवटी एक फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलीएवढी पोर. फार बोलली नाही. पालथं झोपवलं, पाय वळवून पाहिले, कमरेखालच्या खळगीत अंगठा दाबला... असा बोंबललो, असा बोंबललो, की बाहेर बसलेली बायको धावत आत! "मणका नाही, काका. कणा खाली कमरेच्या हाडाला जुळतो ना, तो सांधा दुखावलाय." बायकोचा चेहरा एवढासा झाला. आणि मेहुणा? लगेच फोनवर, "मी तेच म्हणत होतो!" घ्या! कंबर माझी, अक्कल गावाची!

"काका, कामाला उभे कसे राहता?" राहून दाखवलं. सगळा भार उजव्या पायावर, डावा नुसता नावाला टेकवलेला. तीस वर्षं! पोरगी हसायलाच लागली.

आता काय बोलणार... वडील जन्मभर कानीकपाळी ओरडले, "स्वतःच्या पायावर उभा राहा, स्वतःच्या पायावर उभा राहा!" राहिलो की! दोन्ही पायांवर, एवढं सांगायला काय झालं होतं त्यांना?