वेढ्याचं चित्र

संग्रहालयाच्या खिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. भावाच्या हातात जुनं छापील चित्र होतं: तटबंदीचं शहर आणि त्याला वेढा घातलेल्या तोफा.

"ताई, 'भेट द्यायचंय' एवढंच सांगू."

"अरे, मागे इथलाच शिक्का आहे. म्हणून तर बाबांनी कधी भिंतीवर लावलं नाही."

"शिक्का खोडता येईल."

"आणि पहारेकरी काका? या चित्रापायी ते चोर ठरले, नोकरी गेली त्यांची."

"बाबा गेले गं. आता त्यांची अब्रू कशाला घालवतेस?"

"काका अजून आहेत."

"पुढचे! काय काम आहे?"

ताईने तोंड उघडायच्या आत भाऊच खिडकीशी वाकला.

"आमच्या वडिलांनी हे इथून चोरलं होतं. साहेबांना बोलवा."