बाकावर बसून राहिलेली पमी

फादर, आई, विल्सन, मंडळातले सगळे, आणि कामठीहून आलेले आमचे नातेवाईक,

माझ्याआधी जे बोलले ते रडले. माझे डोळे कोरडे आहेत. पमी माझी धाकटी बहीण. तिला जाऊन महिना झाला, आज तिच्यासाठी मिस्सेची प्रार्थना झाली, आणि हा महिनाभर मी रडण्याची वाट बघते आहे. रडू येत नाही. राग येतो. दुःखाचं सगळं आज इथे बोलून झालं आहे. मी रागाचं बोलणार आहे. ज्यांना उठून जायचं असेल त्यांनी आत्ताच जावं.

कोणी उठलं नाही. बरं.

मला डायरी लिहायची सवय आहे. काल मी डायरीत स्वतःला विचारलं, हे बोलणं कोणासाठी? पमीसाठी की तुझ्यासाठी? उत्तर लिहिलं, माझ्यासाठी. मला सूड हवा आहे. मग खाली 'क्षमा' असा शब्द लिहून बघितला. तो खोटा दिसला. मी खोडला.

रेमंड अंकल आपल्या कुटुंब मंडळाचे प्रमुख. मघाशी त्यांनी सुचवलं, पमीचा फोटो लग्नाच्या कोर्सच्या खोलीत लावावा. लग्न ठरलेली मुलंमुली जिथे बसून संसाराची शिकवण ऐकतात, त्या खोलीत. फोटोखाली लिहायचं, 'जिनं जीवनाला हो म्हटलं'. तुम्ही टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

अंकल, पमी कशाला हो म्हणाली आणि कशाला नाही, ते मी सांगते.

धाकट्या मुलीच्या वेळी तिचं दुसरं सिझर झालं. डॉक्टरीणबाई टेबलावरच म्हणाल्या, "टाक्याची जागा फार पातळ झाली आहे. तिसरं मूल नको. आत्ताच ऑपरेशन करून टाकू का?" पमी नाही म्हणाली. ऑपरेशन म्हणजे पाप, तेही कायमचं, असं ती त्याच कोर्सच्या खोलीत शिकली होती. घरी आल्यावर तिला भीती वाटायला लागली. तिनं तांबी बसवून घेतली. मला म्हणाली, "तांबी काढता येते ना वं ताई. म्हणजे पाप बी काढता येते." आणि हसली.

पण त्यानंतरच्या रविवारपासून ती कम्युनियनची भाकर घ्यायला उठेनाशी झाली; पाप अंगावर असताना ती घ्यायची नाही, असंही तिला शिकवलं होतं.

तुम्हाला आठवतं ना? मिस्सेत ती वेळ येते. एकामागून एक बाक रिकामा होत जातो. जो उठत नाही तो सगळ्यांना दिसतो. पमी गुडघे एका बाजूला आवरून बसायची, आणि तुम्ही तिच्या गुडघ्यांना घासून पुढे जायचात. जाताना एक नजर. परत येताना आणखी एक.

एकदा बर्डीच्या बाजारात मुलींचे शाळेचे बूट घ्यायला गेलो होतो. दुकानात गर्दी. मी विचारलं, "काहून बसून राहते तू? जा ना लाईनीत. कोणाले माहीत आहे?"

"मले माहीत आहे ना वं."

"देव काही एक्स-रे काढत नाही."

"तू नको सांगू. तू कॉलेजात शिकली, तुले सारं सोपं वाटते." मग धाकटीच्या पायात बूट चढवत म्हणाली, "ताई, आपल्या चर्चात पाहा बरं. कोणाले एक, कोणाले दोन. त्या लता काकूंनी कधी ताप मोजून दिवस पाळले असतील काय? साऱ्यांनाच ते गणित जमते, अन् मीच एकटी ढ?"

ती हसत होती. मी हसले नाही.

या हॉलमध्ये किती जणांना तीन मुलं आहेत? हात वर करू नका. किती जणांना दोनच आहेत? तेही नको. मला एकच आहे, आणि मी दर रविवारी लाईनीत असते. आपण सगळेच असतो. आपण आपापला प्रश्न घरी गुपचूप सोडवला आणि हात जोडून पुढे गेलो. जिनं खरं मानलं ती बसून राहिली. आणि आपण तिच्याकडे वळून बघितलं.

चर्चची शिकवण मी वाचली आहे. गंभीर कारण असेल तर पुढचं मूल टाळता येतं, हेही तिच्यातच आहे. फक्त ते महिन्यातले धोक्याचे दिवस पाळून टाळायचं. पमीपेक्षा गंभीर कारण कोणाचं होतं? फादर, तुम्ही कन्फेशनमध्ये तिला म्हणालात, डॉक्टरांचं ऐक, आपल्या मनाला विचार. तिनंच मला सांगितलं. मी तुमची आभारी आहे. पण ते तुम्ही जाळीआड, हळू आवाजात म्हणालात. आणि अंकल चर्चच्या गेटवर म्हणाले.

"क्या बात है बेटा, आजकाल लाईनीत दिसत नाहीस? कुछ प्रॉब्लेम?"

अंकल, तुमचा आवाज खणखणीत आहे. बायबल वाचायला तुम्हालाच उभं करतात. त्या दिवशी तो सायकल स्टँडपर्यंत ऐकू आला. मग तुम्ही तिच्या घरी गेलात. दिवस कसे पाळायचे ते तिला समजावलंत. देवावर भरोसा ठेव म्हणालात. तुम्हाला दोन मुलं आहेत. ती दोनच कशी, हे मी विचारणार नाही. तुम्ही मात्र तिला विचारलं होतं.

तिनं तांबी काढली. पुढच्या रविवारी ती लाईनीत उभी होती. तुम्ही फादरांच्या शेजारी कम्युनियन वाटत होता. तुमच्याच हातून तिनं घेतलं, आणि तुम्ही तिच्याकडे बघून हसलात. मी तिच्या मागे होते. ते हसू मी विसरणार नाही.

पुढे ती ताप मोजत राहिली. "सकाळी उठायच्या आधी मोजा म्हणतात. ही पोरगी मले झोपूच देत नाही, तर मी उठू कुठून?" हे तिचंच बोलणं. तिला दिवस गेले. आठव्या महिन्यात टाके आतून उसवले.

तुम्ही तिला मारलं असं मी म्हणत नाही. तसं लिहिलं होतं, पण ते खरं नाही म्हणून खोडलं. तुम्ही वाईट माणूस नाही, हेही मला माहीत आहे. ती दवाखान्यात असताना आमचा डबा तुमच्याच घरून यायचा. म्हणून तर राग अर्धा करता येत नाही. वाईट माणूस असता तर पमीनं तुमचं ऐकलंच नसतं.

बाळ वाचलं. तिच्या बापाच्या, विल्सनच्या मांडीवर आहे, बघा. तिसरी मुलगी. तिचा काही दोष नाही. ती आम्हाला हवी आहे. पण एक दिवस तिचं लग्न ठरेल, ती त्या खोलीत जाऊन बसेल, आणि भिंतीवरचा फोटो तिला सांगेल की तुझी आई तुझ्यासाठी आनंदानं मेली. ते खोटं आहे. ॲम्ब्युलन्समध्ये मी तिचा हात धरला होता. ती म्हणाली, "ताई, मले भीती वाटून राहिली." त्यानंतर ती बोलली नाही. फोटोखाली लिहायचं तर हे लिहा. एवढं धैर्य नसेल, तर त्या भिंतीला हात लावू नका. विल्सनला मी विचारलं आहे. फोटो मिळणार नाही.

मी चर्च सोडणार नाही. तेवढी सुटका मी तुम्हाला देणार नाही. येत्या रविवारी मी येईन, त्याच्या पुढच्या रविवारीही येईन. पहिल्या बाकावर, कडेच्या जागेवर बसेन, जिथून तुम्ही वाटताना समोर दिसता. सगळे उठतील तेव्हा मी उठणार नाही. आणि पमीसारखे गुडघे आवरणार नाही. ज्याला जायचं असेल त्यानं मला 'सरक' म्हणावं. काहून बसली म्हणून विचारावं. मी सांगेन. आवाज माझाही खणखणीत आहे.

आता मौन पाळायचं आहे. अशा वेळी आपण उभे राहतो. आज राहू नका. पमीसाठी सगळ्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं, ती बसायची तसं. आणि शेजारी कोण बसलं आहे ते वळून बघायचं नाही.

रेमंड अंकल, तुम्ही उठलात. बसा.