ठुशीचं पेंडंट आणि अनोळखी वृद्ध महिला

पोलीस ठाणे, बारामती
ता. १९/०१/२०२५

जबाब

मी, द्वारकाबाई आबासाहेब पोळ, वय ७४ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, रा. निरवांगी, ता. इंदापूर, जि. पुणे.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील पत्त्यावर मुलगा विजयसिंह याच्या कुटुंबासह राहते. नातू अथर्व बारामतीत नोकरीस असून पत्नी स्वरदा हिच्यासह तेथेच राहतो. स्वरदा लोकांचे जुने दागिने मोडून नव्या पद्धतीने घडवून देते व त्यांचे फोटो मोबाईलवर टाकते. पेंडंट नेल्याबद्दल तिने आज दिलेल्या अर्जात माझा उल्लेख 'अनोळखी वृद्ध महिला' असा आहे. लग्नात तिची ओटी मी भरली होती. तरी अर्जातील महिला मीच आहे.

माझ्याकडे माझी आई कुशाबाई, रा. कळंब, हिची सोन्याची ठुशी होती. मागील दिवाळीत स्वरदा निरवांगीस आली असता म्हणाली, "आजी, ठुशी फक्त फोटोला हवीय. लगेच परत देते." मी दिली. तिने मला उंबऱ्यावर बसवून, ठुशी माझ्या हातात धरायला लावून बरेच फोटो काढले. नंतर ते मोबाईलमध्ये पाहून म्हणाली, "हात जरा जास्तच खरे दिसतायत." याचा अर्थ मी विचारला नाही. जाताना ती ठुशी घेऊन गेली. संक्रांतीला घालायची म्हणून मी फोन केला, तेव्हा ठुशी पॉलिशला दिली आहे असे तिने सांगितले. मी संक्रांतीला काळी पोत घातली.

संक्रांत झाल्यावर मी अंगणात उन्हाला शेंगा फोडत बसले असता कळंबहून माझा भाचा जोतीराम व त्याची बायको माधवी आले. माधवीच्या डोक्यावर भाकरी-पिठल्याची पाटी होती. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून पाहुणे असे जेवण आणतात. जोतीरामने तोंडाला टॉवेल लावला होता. मला पाहून त्याने दाराची चौकट धरली.

"आत्या, तू हायस व्हय?"

मी म्हणाले, "हाय की. का रं, नसायला पायजे हुतं?"

माधवी कोपऱ्यापासूनच रडत आली होती. तिला एकदम थांबता आले नाही, म्हणून ती आणखी थोडी रडली.

जोतीरामने मला मोबाईल दाखवला. त्यात सोन्याच्या पेंडंटचा फोटो होता. मध्ये हिरवा खडा, भोवती बारीक नक्षी, आणि ते दोन म्हाताऱ्या हातांवर ठेवलेले. खाली लिहिले होते की, 'आजी आज नाही. तिच्या ठुशीतून घडलेला तिचा स्पर्श मात्र गळ्याशी आहे.' त्याखाली पुष्कळ लोकांनी हात जोडले होते. काहींनी किंमत विचारली होती. फोटोतील हात माझे नव्हते. ते स्वरदाची आई आसावरी, रा. वालचंदनगर, यांचे होते. त्यांना मी ओळखते. हाताला एकही भेग नव्हती व नखांच्या कडेला पुसलेला रंग राहिला होता.

मुलगा विजयसिंह त्या वेळी ऊस घेऊन कारखान्यावर गेला होता. तेथे वजनकाट्याच्या रांगेत तोच फोटो पाहिलेल्या लोकांनी त्याचे सांत्वन केले. तो ट्रॅक्टरवर बसून रडला. नंतर त्याने घरी फोन लावला. मी उचलला. तो म्हणाला, "आई, जेवलीस का?" मी जेवत आहे असे सांगितले, कारण माधवीने आणलेल्या भाकऱ्या गरम होत्या व आम्ही तिघे बसून त्याच खात होतो.

आज रोजी मी जोतीरामच्या गाडीतून बारामतीत एका मंगल कार्यालयात साड्या व दागिन्यांच्या प्रदर्शनास आले. स्वरदाचा स्टॉल दाराशीच आहे. तेथे माझा मोठा फोटो लावला होता. त्याला शेवंतीचा हार होता व पुढे उदबत्ती जळत होती. फोटो चांगला आला आहे. असा मोठा फोटो घरी मला कोणी करून दिलेला नाही. फोटोखाली काळ्या मखमलीवर ते पेंडंट ठेवले होते.

मी फोटोशेजारच्या खुर्चीवर बसले. दोन बायका कधी फोटोकडे, कधी माझ्याकडे बघू लागल्या. स्वरदा त्यांना म्हणाली, "या आजींच्या बहीण. गावाहून आल्यात." त्यातील एक बाई माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अगदी तशाच दिसता हो. सावरा आता." मला बहीण नाही असे मी सांगितले. त्या बाईला वाटले मी दुःखाने बोलत आहे. तिने मला पाणी आणून दिले.

स्वरदाने मला पडद्यामागे नेले. तेथे आमचे बोलणे झाले ते असे:

"ठुशी कुठं हाय?"

"आजी, ही ठुशीच आहे. सोनं तेच. फक्त नवीन रूप दिलंय. तुमचंच नाव झालंय."

"नाव झालंय न्हवं, नावामागं कैलासवासी लागलंय. मला कशापायी मारलीस?"

"तसं नाही ओ आजी. माणूस जिवंत आहे म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, मग त्या स्वतः का नाही घालत?"

मी म्हणाले, "व्हय की. का न्हाय घालत?"

मी बाहेर येऊन मखमलीवरून पेंडंट उचलले, गळ्यात घातले व चालू लागले. मला कोणी अडवले नाही. दुःखाच्या घरची बाई म्हणून गर्दीने वाट दिली. जोतीराम गाडी काढत असताना महिला पोलीस आल्या व मला येथे घेऊन आल्या. त्या चांगल्या बोलल्या.

ठुशीची ओळखीची खूण विचारल्यावरून सांगते की, त्यातील एक मणी चेपलेला होता. मी तान्ही असताना आईच्या गळ्याशी खेळता खेळता तो चावला होता, असे आई सांगत असे. आई तो मणी नेहमी पुढे येईल अशी ठुशी घाली. सोनाराने सर्व मणी वितळवले आहेत. खूण दाखवता येत नाही.

नातू अथर्व ठाण्यात आला. तो म्हणाला, "आजी, घरातलं घरात मिटवू." मी म्हणाले, "घरातलंच हुतं. बारामतीभर कुणी केलं?" साहेबांनी स्वरदाला सांगितले की, अर्ज मागे घ्यायचा तर ही महिला कोण ते सांगावे लागेल. स्टॉलवरच्या त्या दोन बायका स्वरदाला धीर द्यायला सोबत आल्या होत्या व बाकावर बसल्या होत्या. स्वरदा हळू आवाजात म्हणाली, "या आमच्या आजी." एका बाईने विचारले, "आजींच्या बहीण ना?" स्वरदा म्हणाली, "नाही. आजीच." त्यानंतर त्या बायका निघून गेल्या. स्वरदा रडू लागली. तिला पाणी मी दिले.

माझी स्वरदाविरुद्ध तक्रार नाही. तिला शिक्षा व्हावी असेही नाही. हिरवा खडा तिने घातलेला आहे, तो सोनाराकडून काढून तिला परत द्यावा. सोने माझ्या आईचे आहे, ते माझ्याकडे राहील. खडा काढल्यावर मध्ये भोक दिसेल, असे अथर्वने समजावून सांगितले. दिसू दे. दुसरे काही बसवायचे नाही.

विचारल्यावरून आणखी सांगते की, पेंडंट दिसायला चांगले झाले आहे. खडाही शोभतो. ठाण्याच्या आरशात मी ते दोनदा पाहिले. हे मी स्वरदाला सांगितलेले नाही व तिला कळू नये.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच लिहिला आहे. पेंडंट चांगले झाले एवढे वाक्य खोडावे अशी मी विनंती केली. ते खोटे आहे का, असे लिहिणाऱ्या बाईंनी विचारले. खोटे नाही असे मी सांगितले. म्हणून ते तसेच ठेवून सही करत आहे.

(सही)
द्वारकाबाई आबासाहेब पोळ