घरात बंदूक आहे म्हटलं!

...आणि वर ती परवाना शाखेतली बाई मलाच विचारते, "काका, बंदूक कुठंय?" आता मला सांगा, मला ठाऊक असतं तर मी वीस माणसांच्या रांगेसमोर हातात पडद्याचा रॉड धरून उभा राहिलो असतो का? हसू नका हो! थांबा, नीट सांगतो.

बंदूक वडिलांची. दुनळी. मळ्यात रानडुकरं यायची म्हणून त्यांनी घेतली, ते गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाली. आता मी राहतो दुसऱ्या मजल्यावर, कामाला छापखान्यात, मुद्रितं तपासायला, दिवसभर लोकांचे स्वल्पविराम शोधतो, दुसऱ्या मजल्यावर कुठलं डुक्कर येतंय? पण तुम्हाला सांगतो, कपाटावर ती लांब पेटी नुसती दिसली ना, की छाती आपोआप दोन बोटं पुढे येते! लिफ्ट दुरुस्त करणारा उशिरा आला, "घरात बंदूक आहे म्हटलं!" जावयानं टीव्हीचा आवाज वाढवला, "घरात बंदूक आहे म्हटलं!" गंमत हो! कधी पेटीला हात तरी लावला का मी? नाही ना? तेच तर नडलं.

तर यंदा परवान्याचं नूतनीकरण आलं. बंदूक घेऊन समक्ष हजर राहा. गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून, पेटी खांद्यावर, आणि रांगेत गप्प बसावं की नाही? नाही! मागच्या गृहस्थांना तासभर ऐकवलं, शस्त्र बाळगणं हा आपला हक्क आहे, आमच्यासारख्या जबाबदार माणसांना कशाला हव्यात या चौकशा... जबाबदार! हा शब्द वापरला हो मी, दोनदा! मग नंबर आला, थाटात पेटी उघडली, आत जुनी चादर, चादरीत रॉड. तीन वर्षं शोधत होतो तो. मास्तरांवर संशय घेतला होता त्याच्यासाठी!

मास्तर म्हणजे आमच्या वरचे, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. तीन वर्षांपूर्वी एकदा माझं डोकं फिरलं आणि मी जिन्यात उभा राहून ओरडलो, "पुन्हा गळलं तर याद राखा, घरात बंदूक आहे म्हटलं!" मास्तर तेव्हा जिना चढत होते. सोबत त्यांची नात होती, सहा वर्षांची. तिच्याकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

इकडे बाईंचा पट्टा सुरू. त्या ओठ न हलवता बोलतात, "हक्क आहे काका, कोण नाही म्हणतंय? पण वस्तू कुठंय? इतक्या वर्षांत एकदाही पेटी उघडली नाहीत? कुणी नेली असती म्हणजे? कुणाच्या हातात पडली असती म्हणजे?" खरंच, कुणाच्या हातात? आणि तेवढ्यात बाई संगणकात बघून म्हणतात, "अहो, जमा आहे की! इथंच, मागच्या खोलीत. तुमचाच अर्ज." आणि मोठ्यानं वाचला. मोठ्यानं! "शस्त्र जमा करण्याचे कारण, धारकाचा स्वभाव." खाली सही माझी. साक्षीदार, वरचे मास्तर.

तिथूनच हिला फोन लावला. ही शांत. "तुम्हाला सांगितलं होतं, बंदुकीचा कागद आहे, वाचून सही करा. तुम्ही म्हणालात, हो हो, कुठे करू?" मी म्हटलं, अगं पण मला विश्वासात नको घ्यायला? तर म्हणाली, "ती पोर आपल्या मजल्यावर आली की डोळे मिटून जिना चढायची. आजोबांचा हात घट्ट धरून. दोन महिने बघत होते मी. मग मी आणि मास्तर इथं बंदूक देऊन आलो आणि तिला आणून पेटीतला रॉड दाखवला, तेव्हा कुठे डोळे उघडले तिनं."

म्हणजे बघा, आता ती रोज सकाळी आमचा पेपर वर आणून देते, मी मिशीवर हात फिरवत म्हणतो, "घरात बंदूक आहे म्हटलं!" आणि ती खुदकन हसते. मला वाटायचं, काका आवडतात तिला! तुम्हाला सांगतो, लाज वाटली. बंदूक गेल्याची नाही. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस, आणि एक लेकरू माझ्या दारासमोर डोळे मिटून चालत होतं, ते दिसलं नाही मला.

बाई म्हणाल्या, "आता काय करायचं? परत हवी, की कायमची जमा?" मी फॉर्म घेतला आणि जन्मात पहिल्यांदा घरचा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला. कायमची जमा यावर खूण केली. मग आला कारणाचा रकाना. पेन अडलं. खूप विचार केला हो, काहीतरी भारदस्त लिहावं, सार्वजनिक सुरक्षितता वगैरे... शेवटी लिहिलं, "मागीलप्रमाणेच."

बाईंनी वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "काका, रॉड तेवढा घेऊन जा. त्याला परवाना लागत नाही."