पाचवी सवाशीन

(रस्त्याकडेच्या फॅमिली रेस्टॉरंटच्या मागं, भांडी घासायच्या हौदापाशी. दुपार.)

शिला : पुसू नका, काकू! ती टिकली पुसू नका म्हनलं ना. फॅमिली अजून बसून हाये तिकडं.

द्वारकाबाई : सोड हात.

शिला : न्हाई सोडत. आइस्क्रीम खाऊन राहिल्या त्या. अर्ध्या घंट्यात जातेत. मंग काय पुसायचं ते पुसा.

द्वारकाबाई : पाप झालं गं शिले माझ्या हातानं. पोटुशी पोरगी ती. तिची वटी भरली मी. मी!

शिला : वटीत इचू टाकला का तुमी? गहूच टाकले ना?

द्वारकाबाई : नवरा मेलेली बाई वटी भरती का कुठं?

शिला : तुमी काय मनानं गेलत्या? तिच्या सासूनंच वढून नेलं. चार सवाशिनी जमल्या, पाचवीची गाडी बाळापूरच्या अलीकडं पंक्चर झाली. तुमी पापड घिऊन गेल्या. तिनं तुमचं कपाळ पाह्यलं, गळ्यातली पोत पाह्यली, अन् म्हनली, ह्या बसतेन की पाचव्या.

द्वारकाबाई : न्हाई म्हनाय पायजे व्हतं मी.

शिला : म्हनायचं मंग!

द्वारकाबाई : काहून न्हाई, असं इचारलं असतं तर? गळ्यात पोत घालून काय सांगू?

शिला : ती पोत मी आनली जवळ्याच्या बाजारातून. टिकलीचं पाकीट बी मीच आनलं. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

द्वारकाबाई : तुला काहून देऊ? घालनारी मी.

शिला : मंग इसरल्या का तुमी, त्या वाढदिवसाला काय झालं ते? तुमी केकचं ताट घिऊन गेल्या अन् त्या पोराची आजी काय म्हनली? ह्यांला नको, दुसऱ्या कोनाला पाठवा. भरल्या हॉटेलात! अन् तो बालाजी. गिऱ्हाइकाच्या पँटीवर रस्सा सांडला त्यानं, तरी पन्नास ठिवून गेला तो मानूस. काहून? बालाजी गोरा हाये, केसं उडवतो. मी दोन येन्या घातल्या का 'बाळा, कितवीत हाईस' म्हनून वीस देतेत. मोकळे सोडले का नंबर मागतेत. पनीर चाखून कोनी टीप देत न्हाई, काकू. थोबाड पाहून देतेत. टिकली लावल्यापसून एक तरी ताट वापस आलं का तुमचं?

द्वारकाबाई : न्हाई आलं.

शिला : मंग झालं तर.

द्वारकाबाई : त्यांनी मला नाव घ्यायला लावलं, शिले.

शिला : कसलं नाव?

द्वारकाबाई : उखाना. वटी झाली, चौघींनी घेतलं. मंग समद्या माझ्याकडं पाहू लागल्या.

शिला : कोनाचं बी घ्यायचं! सोमेश्वरशेटचं घ्यायचं, पगार तरी वाढला असता.

द्वारकाबाई : गप.

शिला : बरं. काय घेतलं?

द्वारकाबाई : ताटात भाकर, वाटीत दही, संतरामरावांबिगर मला करमत न्हाई.

शिला : काकू...

द्वारकाबाई : हसल्या समद्या. टाळ्या वाजवल्या. एक जनी म्हनली, लई लाडाचा दिसतो नवरा. मी व्हय म्हनलं. तीन वर्सं झाली गं त्यांला जाऊन. तवापसून त्यांचं नाव माझ्या तोंडानं घेतलं न्हाई मी. हापिसात इचारलं तर कागदच पुढं करते. पुढचा मानूस वाचतो अन् म्हनतो, मयत का? मी मान हालवते. अन् आज मोठ्यानं घेतलं. लोकांमधी.

शिला : रडू नका ना.

द्वारकाबाई : चांगलं वाटलं गं मला, ह्याचंच रडू येतं. कुंकू लावून घेताना डोळे मिटले तर वाटलं, घरी गेल्यावर असतेन ते. खाटंवर पडून मोबाइल पाहत. भूक लागली म्हनतेन. शिले, त्या पोरीच्या वटीत हात घालून मी मपला नवरा जित्ता करून घेतला.

शिला : तोंड धुवा. उठा. मला बी रडवता काहून?

द्वारकाबाई : मी सांगते तिला.

शिला : येड लागलं का? शेट आजच्या आज हाकलून देईन. तुमच्या आरोहीच्या शाळंचं काय करता मंग?

द्वारकाबाई : अन् तिच्या लेकराला काई झालं तर?

शिला : काई व्हत न्हाई! आमच्या तांड्यावर रामप्रसादच्या बायकूची वटी सात जनींनी भरली. समद्या कुंकवाच्या. गेलंच की लेकरू. तवा कोनाचं कपाळ रिकामं व्हतं?

द्वारकाबाई : तिला कोनी फसवलं न्हवतं.

प्रियदर्शनी : मावशी! इथं आहात होय? अख्खं हॉटेल शोधलं मी. चला ना, पाचही जणींसोबत फोटो राहिलाय माझा.

शिला : ताई, त्यांचं डोकं दुखून राहिलं. तुमी व्हा पुढं.

प्रियदर्शनी : अगं बाई, रडताय का तुम्ही? कोणी बोललं का? आमच्यापैकी कोणी काही बोललं?

द्वारकाबाई : ताई, त्या ष्टुलावर बसा. उभ्यानं ऐकू नका.

शिला : काकू, नका!

द्वारकाबाई : ताई, ही पोत खोटी हाये. मपला मालक न्हाई. तीन वर्सं झाली.

प्रियदर्शनी : नाही म्हणजे?

शिला : नाही म्हंजी मेला. अजून कसं सांगायचं?

द्वारकाबाई : शिले!

प्रियदर्शनी : पण तुम्ही तर आत्ता नाव घेतलंत.

द्वारकाबाई : त्यांचंच घेतलं. माफ करा, ताई. टिकली न्हाई लावली तर लोकं माझ्या हातचं घेत न्हाईत. पर तुमच्या वटीला मी हात लावाय न्हवता पायजे.

प्रियदर्शनी : असू द्या, मावशी.

द्वारकाबाई : राग न्हाई आला?

प्रियदर्शनी : नाही हो. मी नाही मानत असलं काही. शाळेत शिकवते मी, पोरांनाही हेच सांगते. डोळे पुसा बरं. फक्त आमच्या आईंना कळू देऊ नका. त्या फार घाबरतात. मागच्या वेळी पाचव्या महिन्यात गेलं ना माझं.

द्वारकाबाई : अगं माय!

प्रियदर्शनी : तुमचा काय संबंध त्याच्याशी? हे घ्या. टीप द्यायची राहिली होती.

द्वारकाबाई : पाचशे? नको, ताई.

प्रियदर्शनी : घ्या हो. मी माझ्या मनानं देतेय.

शिला : अन् फोटो?

प्रियदर्शनी : फोटो राहू दे आता. ऊन फार झालंय. हट्ट्यापर्यंत जायचंय आम्हाला. येते, मावशी.

द्वारकाबाई : सावकास जा, लेकरा. गाडी हळू घ्या म्हनावं.

शिला : गेली.

द्वारकाबाई : कशी गुनाची पोरगी हाये, पाह्यलं? उगंच घाबरवत व्हतीस मला.

शिला : एवढी टीप बालाजीला बी कोनी दिली न्हाई कधी.

द्वारकाबाई : अन् टिकली पाहून न्हाई दिली तिनं. खरं सांगितलं, मंग दिली. ह्या कपाळाची पह्यलीच हाये ही. आरोहीला दाखवते, मंगच मोडते.

शिला : हसल्या बाबा एकदाच्या. थांबा, मी टेबल आवरून येते. तुमी येऊ नका, डोळे लाल हायेत.

द्वारकाबाई : गहू सांडले असतेन खाली. झाडून नको घिऊ, हातानं उचल.

शिला : उचलते.

द्वारकाबाई : ...आलीस? गेल्या का त्या?

शिला : गेल्या. गाडी बी दिसंना झाली.

द्वारकाबाई : वढनीखाली काय लपवलंस?

शिला : काई न्हाई.

द्वारकाबाई : दाखीव. नारळ हाये तो.

शिला : खुर्चीखाली व्हता. राह्यला असंल गडबडीत.

द्वारकाबाई : अन् बाकीच्या चौघींचे?

शिला : मला काय माहीत! मी काय मोजाय बसले का त्यांचे नारळ?

द्वारकाबाई : शिला.

शिला : नेले. पिशवीत घालून नेले. हा तडकलेला असंल, काकू. नासका असंल आतून, म्हनून ठिवला.

द्वारकाबाई : परातीतून मीच निवडला व्हता तो. कानापाशी धरून हालवून पाह्यला. पान्यानं भरलेला व्हता.